देवमाशाचा ड्रॅगन होतो तेव्हा

हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ ही कादंबरी १८५१ साली प्रसिद्ध झाली. २०११ साली दिग्दर्शक रायन लिटल याने ‘एज ऑफ द ड्रॅगन्स’ या चित्रपटात तिच्यातला समुद्रच काढून टाकला. डॅनी ग्लोव्हरचा अहाब येथे जमिनीवर चालणाऱ्या जहाजातून पांढऱ्या ड्रॅगनचा पाठलाग करतो. ऐकून हसू येते. पण रूपांतरकारांनी एक गोष्ट अचूक ओळखली आहे, ती म्हणजे धंदा. येथे ड्रॅगन मारले जातात ते त्यांच्या अंगातील ‘व्हिट्रिऑल’ या स्फोटक द्रवासाठी, जसे स्पर्म देवमासे दिव्याच्या तेलासाठी मारले जात.

मात्र ते तेल खरे होते. १८४१ च्या जानेवारीत मेलव्हिल स्वतः ‘अकुश्नेट’ या शिकारी जहाजावर खलाशी म्हणून गेला होता. १८२० साली नॅन्टकेटचे ‘एसेक्स’ हे जहाज एका स्पर्म देवमाशाने धडका देऊन बुडवले, ती हकीकत त्याने वाचली होती. चरबी कढवणे, दोर, नफ्यातील वाटा यांवर तो पानेच्या पाने खर्च करतो. विद्यार्थी नेमकी हीच पाने गाळतात (खरे सांगायचे तर काही शिक्षकही!). परंतु या तपशिलामुळेच देवमासा आधी जनावर राहतो आणि मग गूढ होत जातो. ड्रॅगन जन्मतःच गूढ.

म्हणूनच स्टारबकचा आक्षेप कादंबरीत बोचतो: मुक्या जनावरावर सूड कसला उगवायचा? आग ओकणाऱ्या ड्रॅगनला मुके जनावर कोण म्हणेल?