कोष्टकातली एक ओळ

परवा माझा एक जुना विद्यार्थी अकोल्याहून भेटायला आला. आता चाळिशी गाठली आहे त्याने. मी संगणकावर गुन्ह्यांच्या आकडेवारीचे सरकारी अहवाल चाळत बसलो होतो. निवृत्त मास्तराला दुसरा उद्योग काय? त्याने थोडा वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, माह्या बापाचं नाव यात कुठी हाये?"

त्याच्या वडिलांनी २००६ साली आत्महत्या केली. कापसाचं शेत, डोक्यावर कर्ज. आपल्या वऱ्हाडात वेगळं काय सांगायचं...

वाचकहो, या अहवालांचा इतिहास मोठा आहे. देशभरातल्या गुन्ह्यांचा पहिला वार्षिक अहवाल १९५३ सालचा. अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा वेगळा अहवाल १९६७ पासूनचा. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला आणि हे काम त्याच्याकडे गेलं. पण ते जाडजूड इंग्रजी ग्रंथ अमरावतीच्या शाळामास्तराच्या हाती कुठून पडणार? आज १९५३ पासूनचे सगळे घरबसल्या दिसतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर सरकारनेच आपणहून माहिती द्यावी असं म्हटलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, लैंगिक अत्याचार, दहशतवाद असे नाजूक गुन्हे सोडून बाकीचे प्राथमिक खबरी अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाका.

आकडे उघडे झाले म्हणजे ते आपोआप कळतात असं मात्र नाही. अमरावती शहर आणि अमरावती ग्रामीण यांच्या ओळी वेगळ्या असतात. एकच पाहिली तर जिल्हा उगाच शांत वाटेल. एकाच घटनेत अनेक गुन्हे झाले, तर मोजणी त्यातल्या सर्वांत गंभीर गुन्ह्याची होते. आणि आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढलेच असंही नाही. पूर्वी ठाण्याच्या दारातून परत पाठवत होते त्यांची तक्रार आता लिहून घेत असतील!

असो. मूळ प्रश्न त्याच्या वडिलांचा. आत्महत्यांच्या अहवालात १९९५ पासून शेती करणाऱ्यांची वेगळी ओळ आली. एकच ओळ! पण प्राध्यापक के. नागराज आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी ती वर्षानुवर्षं नीट वाचली, म्हणून देशाला शेतकऱ्यांच्या मरणाचा अंदाज आला. २०१४ मध्ये शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजू लागले, त्यामुळे आधीच्या वर्षांशी सरळ तुलना करता येत नाही. २०१६ चा अहवाल तर २०१९ च्या अखेरीस बाहेर आला. उशिरा आलेला आकडा म्हणजे पीक गेल्यावर आलेला पाऊस.

अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांची महसूल खात्याची मोजणी निराळीच. तिथे दोन रकाने असतात, 'पात्र' आणि 'अपात्र'. मदत पात्राला. याच्या वडिलांचं कर्ज बिनापरवाना सावकाराचं, म्हणून ते अपात्र ठरले. माणूस मेला तो मेलाच, पण कागदावर त्याचं मरण बसेना.

पोलिसांचा हिशोब मात्र वेगळा असतो. तिथे कर्ज कोणाचं हे पाहून कोणाला वगळत नाहीत. मी विचारलं, "पंचनाम्यात धंदा काय लिहिला होता?"

"शेती."

मी २००६ चं कोष्टक उघडलं. महाराष्ट्राच्या ओळीवर बोट ठेवलं. ४,४५३. म्हटलं, "नाव नाही रे बाबा. पण यातले एक तुझे वडील."

बराच वेळ तो त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मंग हाये तर."

त्या पडद्याला त्याने हात लावला, फोटोला लावावा तसा. मी चहा टाकायला उठलो.