डुकराची पिल्ले, आईचा चीक आणि लसीची वेळ

मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावर कट्टा हे गाव लागते. समजा, येथील एखाद्या कुटुंबाने घरामागे दोन डुकरिणी पाळल्या आहेत आणि त्यांतील एक आठ-दहा पिल्लांसह व्याली आहे. दुसऱ्या आठवड्यात पिल्ले धापा टाकू लागतात, थानाला तोंड लावेनाशी होतात आणि त्यांतील दोन-तीन दगावतात. अशा वेळी मालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो, तो लसीचा. पुढच्या वेताला जन्मताच लस टोचून घेतली, तर हे टळेल का? प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर पिल्लापेक्षा त्याच्या आईपाशी अधिक आहे.

खरवस ज्या दुधाचा करतात तो चीक कोकणातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. डुकराच्या पिल्लाच्या बाबतीत मात्र चीक म्हणजे निव्वळ पौष्टिक आहार नव्हे. डुकरिणीची वार अशी असते, की तिच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे पिल्लू रोगांपुढे जवळजवळ निःशस्त्र असेच जन्मते. जन्मानंतर सुमारे चोवीस तासच त्याच्या आतड्याची भिंत ही प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते आणि पहिल्या सहा तासांत ती सर्वाधिक शोषली जातात. एका पिल्लाला या अवधीत सुमारे दोनशे ते अडीचशे ग्रॅम चीक मिळावा, असा संकेत आहे. वेत मोठे असेल, तर दुबळी पिल्ले मागे रेटली जातात. त्यांना हाताने थानाला लावणे हे काम कोणत्याही लसीइतकेच मोलाचे आहे.

अडचण येथूनच सुरू होते. आईकडून आलेली प्रतिपिंडे रोगाच्या विषाणूला अडवतात, तशीच लसीतील विषाणूलाही अडवतात. ती पुरेशी असताना टोचलेली लस बव्हंशी वाया जाते. ती ओसरल्यावर टोचावी, तर मधल्या काळात पिल्लू उघडे पडते. या प्रतिपिंडांचा काळही रोगागणिक निराळा असतो. फ्लूच्या बाबतीत ती आठ-दहा आठवडे, क्वचित त्याहूनही अधिक काळ टिकू शकतात. म्हणूनच ‘जितकी लवकर तितकी बरी’ हे लसीकरणाचे सर्वमान्य सूत्र येथे लागू पडत नाही.

फ्लूच्या मृत लसीत तर आणखी एक धोका प्रयोगांत दिसून आला आहे. आईची प्रतिपिंडे अंगात असताना पिल्लाला ही लस दिली आणि पुढे त्याला लसीतील विषाणूशी न जुळणाऱ्या प्रकाराची लागण झाली, तर फुप्फुसांचा दाह न टोचलेल्या पिल्लांपेक्षाही तीव्र होऊ शकतो. त्यामुळे पुष्कळदा पिल्लाऐवजी गाभण डुकरिणीलाच व्यायच्या काही आठवडे आधी लस देण्याचा मार्ग पत्करतात. आईला टोचलेली लस चिकावाटे पिल्लाला मिळते. (‘स्वाइन फ्लू’ हे नाव आपल्याकडे ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात देशातील पहिला बळी गेला, तेव्हा घरोघरी पोहोचले. परंतु ती साथ माणसाकडून माणसाकडे पसरत होती. उलट माणसांकडूनच डुकरांना लागण झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत.)

दुसरा महत्त्वाचा रोग म्हणजे पीआरआरएस, अर्थात प्रजनन व श्वसन संलक्षण. अमेरिकेत १९८७ मध्ये तो ‘गूढ रोग’ म्हणून प्रथम लक्षात आला आणि १९९१ मध्ये नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथे त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला. डुकरिणी गाभाच्या अखेरच्या दिवसांत गाभडतात, मृत वा दुबळी पिल्ले जन्मतात आणि जगलेली धापा टाकतात. फुप्फुसांच्या संरक्षक पेशींवरच हा विषाणू घाला घालतो, त्यामुळे त्याच्यामागोमाग जिवाणूंचे फावते. भारतात तो २०१३ मध्ये मिझोराममध्ये प्रथम आढळला.

या रोगाच्या जिवंत, परंतु क्षीण केलेल्या विषाणूच्या लसी परदेशात आहेत. बहुतेक दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लांसाठी आहेत, तर युरोपात एक लस जन्मानंतरच्या पहिल्या दिवसापासून देण्यासही मान्यता मिळाली आहे. मात्र या लसी लागण पूर्णपणे रोखत नाहीत. त्या आजाराची तीव्रता कमी करतात. शिवाय जिवंत लसीचा विषाणू कळपात पसरू शकतो. डेन्मार्कमध्ये १९९६ मध्ये लसीतील विषाणू न टोचलेल्या कळपांत गेला आणि त्याने पुन्हा रोगकारक रूप धारण केले. ज्या कळपात रोगच नाही तेथे अशी लस नेणे म्हणजे विकतचे दुखणे होय.

कट्ट्यातील त्या कुटुंबाने म्हणूनच आधी निदान करून घ्यावे. धाप लागणे हे एकाच रोगाचे लक्षण नव्हे. मृत पिल्लू पुरून न टाकता तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. नमुना प्रयोगशाळेत गेल्याशिवाय विषाणूचे नाव सांगता येत नाही. आपल्याकडे अधिक निकडीची लस वेगळीच आहे, ती डुकरांच्या पारंपरिक तापाची. १९६४ पासून भारतात ती सशांवर वाढवलेल्या विषाणूची बनत असे आणि एका सशाच्या प्लीहेतून जेमतेम पन्नास मात्रा मिळत. देशाची वार्षिक गरज सुमारे २ कोटी २० लाख मात्रांची, तर उत्पादन अवघे १२ लाख. बरेलीजवळील इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनावर बनवलेली नवी लस फेब्रुवारी २०२० मध्ये सादर झाली आणि सशांची गरज संपली. ही लसदेखील फार कोवळ्या पिल्लांना देत नाहीत. आईची प्रतिपिंडे ओसरू लागल्यावरच देतात.

राहता राहिली साठवणीची बाब. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि जिवंत लस द्रावणात मिसळल्यावर काही तासांतच वापरावी लागते. पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते त्या गावात घरच्या फ्रीजचा भरवसा धरू नये. बर्फाच्या पेटीतून आणलेली लस त्याच दिवशी टोचून संपवावी. एका वेताची सुई दुसऱ्या वेताला वापरू नये, कारण पीआरआरएसचा विषाणू सुईवाटेही पसरतो. पिल्ले एका डुकरिणीकडून दुसरीकडे हलवायची असतील, तर ती पहिल्या चोवीस तासांतच, तीही स्वतःच्या आईचा चीक पोटात गेल्यानंतर हलवावीत.