मोटारविमा आणि निवासांतर

मोटारविमा आणि निवासांतर : मोटारीचा मालक एका गावाहून दुसऱ्या गावी राहावयास गेल्यास त्याच्या विमाहप्त्यावर होणारा परिणाम. मोटारीची जोखीम ती कोठे चालते व रात्री कोठे उभी राहते यांवर काही अंशी अवलंबून असते. दाट वस्तीच्या शहरात टकरी व चोऱ्या यांचा संभव अधिक असतो, म्हणून स्थळ हा हप्त्याच्या आकारणीतील एक घटक मानला गेला. भारतात मात्र हे स्थळ मालकाच्या पत्त्यावरून नव्हे, तर वाहनाच्या नोंदणी कार्यालयावरून ठरविण्याची पद्धत रूढ झाली.

ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक अधिनियमाने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला. त्याच धर्तीवर भारतात मोटार वाहन अधिनियम, १९३९ मध्ये तरतूद करण्यात आली व ती १ जुलै १९४६ पासून अंमलात आली. १९७२ च्या अधिनियमान्वये सर्वसाधारण विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून तो भारतीय साधारण विमा निगम व त्याच्या चार दुय्यम कंपन्या यांच्याकडे आला. दर ठरविण्याचे काम दर सल्लागार समितीकडे होते. पुढे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली.

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकात खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग पाडण्यात आले. ‘अ’ विभागात अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली व पुणे ही आठ शहरे आणि ‘ब’ विभागात उर्वरित भारत, अशी ही विभागणी होती. पाच वर्षांपर्यंतच्या व १,००० घ. सेंमी. पर्यंत क्षमतेच्या मोटारीस स्वतःच्या नुकसानीपोटी ‘अ’ विभागात मूल्याच्या ३·१२७ टक्के, तर ‘ब’ विभागात ३·०३९ टक्के दर होता. म्हणजे पाच लक्ष रुपये मूल्याच्या मोटारीस हप्ता अनुक्रमे १५,६३५ व १५,१९५ रुपये पडे. दोहोंतील फरक अवघा ४४० रुपयांचा होता. मोटारीचे मूल्य, वय व इंजिनाची क्षमता यांच्या तुलनेत स्थळाचा प्रभाव अल्पच होता. त्रयस्थ पक्षाच्या हप्त्यात स्थळभेद मुळीच नाही. तो क्षमतेनुसार ठरतो. १ जून २०२२ पासून १,००० घ. सेंमी. पर्यंतच्या खाजगी मोटारीस तो वर्षाला २,०९४ रुपये ठरविण्यात आला.

राजगुरुनगरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पुणे-नाशिक मार्गावर भीमेच्या काठी वसलेले हे गाव पूर्वी खेड म्हणून ओळखले जाई. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू (१९०८–३१) यांच्या स्मरणार्थ त्यास हे नाव मिळाले. दक्षिणेस चाकणचा औद्योगिक पट्टा विस्तारल्यावर पुण्याहून या बाजूस राहावयास येणारी कुटुंबे वाढली. पुण्यात नोंदलेली, ‘एमएच १२’ क्रमांकाची मोटार घेऊन असे कुटुंब येथे आले, तरी राज्य तेच असल्याने क्रमांक बदलावा लागत नाही. साहजिकच मोटार तुलनेने कमी रहदारीच्या गावी उभी राहिली, तरी दरपत्रकाच्या नियमानुसार तिचा विभाग पुण्याचाच राही. उलटपक्षी ‘ब’ विभागात नोंदलेली मोटार रोज पुण्याच्या गर्दीतून धावली, तरी तिचा दर वाढत नसे. सोयीसाठी स्वीकारलेला नोंदणीचा निकष प्रत्यक्ष जोखमीपासून असा दुरावला.

निवासांतराने हप्ता बदलला नाही, तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. १९८८ च्या अधिनियमाच्या कलम ४९ नुसार नवा पत्ता तीस दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावा लागतो. विमापत्रावरही तशी नोंद (पृष्ठांकन) करून घेणे हिताचे असते. अन्यथा नूतनीकरणाच्या सूचना जुन्या घरी जातात व विम्यात खंड पडण्याचा धोका उद्भवतो. मोटार बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवल्यास मात्र कलम ४७ नुसार नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्याबरोबर विभागही बदलू शकतो. वारंवार बदली होणाऱ्या नोकरदारांसाठी २०२१ मध्ये ‘बीएच’ ही अखिल भारतीय क्रमांकमालिका सुरू झाली. दावा न केल्याबद्दल मिळणारी २० ते ५० टक्क्यांची सवलत विमेदाराची असते. ती निवासांतराने नष्ट होत नाही.

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले व स्थळाला किती महत्त्व द्यावयाचे, हे ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. सूक्ष्म स्थळभेद न्याय्य आहे काय, हा प्रश्न अन्यत्रही वादग्रस्त ठरला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी १९८८ मध्ये एका प्रस्तावाद्वारे चालकाची सुरक्षितता, वार्षिक अंतर व अनुभव यांना वस्तीपेक्षा अग्रक्रम दिला. केवळ गरीब अथवा गजबजलेल्या वस्तीत राहतो म्हणून सावध चालकाने अधिक हप्ता भरावा काय, हा त्यामागील मूळ मुद्दा होय. भारतातील ठोकळ विभागणीने हा अन्याय बराचसा टाळला. परंतु जेथे जोखीम खरोखरच कमी आहे, तेथील मोटारमालकास तिचा लाभही मिळू दिला नाही.