एकांड्या शब्दांची मौज

इंग्रजीत काही नकारार्थी शब्द एकांडे आहेत. ‘अनहॅपी’ला ‘हॅपी’ची जोड आहे, पण ‘डिसग्रंटल्ड’ (नाराज), ‘अनकेम्प्ट’ (गबाळा), ‘रूथलेस’ (निर्दय) यांचे होकारार्थी जोडीदार रोजच्या बोलण्यात सहसा भेटत नाहीत. अशा शब्दातला नकार काढून टाकायचा आणि उरलेला तुकडा सरळ अर्थाने वापरायचा, हा इंग्रजी विनोदी लेखकांचा आवडता खेळ. त्यातली खरी मौज अशी, की गमतीने घडवलेले यातले कित्येक शब्द पूर्वी भाषेत खरोखर नांदत होते.

‘अनकूथ’ म्हणजे आज असंस्कृत. जुन्या इंग्रजीत ‘कूथ’चा अर्थ होता माहीत असलेला, परिचित, म्हणून ‘अनकूथ’ म्हणजे अनोळखी. अनोळखी ते विचित्र आणि विचित्र ते अडाणी, असा तो अर्थ घसरत गेला. मूळ ‘कूथ’ इंग्लंडमध्ये मागे पडला, स्कॉटलंडमध्ये मात्र ‘कूथी’ या रूपात, आपुलकीचा या अर्थाने, टिकून राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘कूथ’ गमतीने परत आला, तो सुसंस्कृत हा नवाच अर्थ घेऊन. ‘केम्प्ट’ म्हणजे विंचरलेला. लोकर विंचरणाऱ्यांचा धंदा ‘केम्पस्टर’ या आडनावात अजून दिसतो. ‘रूथ’ म्हणजे करुणा.

‘ग्रंटल्ड’ची कथा वेगळी आहे. पी. जी. वुडहाउस यांनी ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ (१९३८) या कादंबरीत तो समाधानी या अर्थाने वापरला आणि तो लोकांच्या तोंडी बसला. पण मूळचे ‘ग्रंटल’ हे क्रियापद डुकराच्या गुरगुरण्यावरून आलेले. पुढे त्याचा अर्थ झाला कुरकुरणे. सतराव्या शतकात त्याला लागलेला ‘डिस’ नकाराचा नव्हता, जोर देणारा होता. म्हणजे इतिहासाच्या हिशेबाने ‘ग्रंटल्ड’ माणूसही नाराजच ठरतो. वुडहाउस यांच्या विनोदाला त्याने काही बाधा येत नाही; वाचणाऱ्याच्या कानाला ‘डिस’ नकारच वाटतो आणि खेळ त्या कानावरच चालतो.

लुईस कॅरल यांनी हाच खेळ उलट्या दिशेने खेळला. ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये (१८७१) त्यांनी ‘बर्थडे’ला ‘अन’ जोडला आणि वर्षातले उरलेले ३६४ दिवस भेटवस्तूंसाठी मोकळे करून दिले. नकार काढण्याच्या खेळाचा कळस मात्र जॅक विंटर यांनी गाठला. २५ जुलै १९९४च्या ‘न्यू यॉर्कर’मधला त्यांचा ‘हाऊ आय मेट माय वाइफ’ हा छोटा लेख म्हणजे पार्टीत भेटलेल्या स्त्रीची हकिगत; ती जवळजवळ सगळी अशा नकार काढलेल्या शब्दांत आणि वाक्प्रचारांत सांगितलेली. त्यातला ‘शलंट’ इंग्रजीत कधी नव्हताच. ‘नॉनशलंट’ हा शब्द फ्रेंचमधून नकारासकट आला होता.

‘डिसग्रंटल्ड’मधल्या ‘डिस’सारखीच उपसर्गाची गल्लत एका ठिकाणी जिवावर बेतण्यासारखी होती. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारे. त्यातला ‘इन’ नकाराचा नाही, पण ‘इनकरेक्ट’च्या सवयीने कुणी तो शब्द न पेटणारे असा वाचू शकतो. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’ या शब्दाचा आग्रह धरला. आता धोक्याच्या पाट्यांवर प्रामुख्याने तोच असतो, आणि न पेटणाऱ्या वस्तूंसाठी ‘नॉनफ्लेमेबल’.