बॅडमिंटनचा 'मास्टर'

बॅडमिंटन म्हटलं की आपल्याला रॅकेट आणि फूल आठवतं. या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीत बसले, म्हणून काही काळ त्याला 'पूना' असंही म्हणत. पण बॅडमिंटन हे नाव पडलं ते इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशरमधल्या बॅडमिंटन हाउसवरून. त्या वाड्याचा धनी, दहावा ड्यूक ऑफ बोफर्ट (१९००–१९८४), याच्याविषयी आज लिहितोय. त्याचं सगळं आयुष्य घोडे आणि शिकार यांतच गेलं.

अकराव्या वर्षी त्याला सशांच्या शिकारीचे कुत्रे भेट मिळाले, आणि तेव्हापासून सगळे त्याला 'मास्टर' म्हणू लागले. १९२४ साली ड्यूकपद आलं, त्याबरोबर घराण्याचा कोल्ह्यांच्या शिकारीचा ताफाही आला. कुत्रे वास काढत पुढे धावणार, मागून स्वार कुंपणं, चर, दगडी भिंती ओलांडत जाणार, अशी ही शिकार. १९३६ ते १९७८ अशी बेचाळीस वर्षं तो 'मास्टर ऑफ द हॉर्स', म्हणजे राजाच्या पागेचा मुख्य होता. त्याने तीन राज्यकर्ते पाहिले. आपल्याकडे पागेची आठवण पागे, पागनीस या आडनावांत उरली. तिकडे ते पद आजही चालू आहे.

१९४८च्या लंडन ऑलिंपिकमधला घोडेस्वारीचा मुकाबला पाहून त्याच्या मनात आलं, आपल्या स्वारांना सरावाला मैदान हवं. १९४९ साली त्याने स्वतःची जमीन देऊन बॅडमिंटनची अश्वस्पर्धा सुरू केली. पुढे १९५६ साली या प्रकारात ब्रिटिश संघाने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलं. कुंपणावरून बेधडक घोडा घालायची सवय मूळची शिकारीतलीच, हे विसरून चालणार नाही.

पण कोल्ह्याच्या बाजूने पाहणारेही होतेच. १९८४च्या डिसेंबरात शिकारविरोधी कार्यकर्त्यांनी चक्क त्याची कबर उकरायचा प्रयत्न केला. कुत्र्यांकरवी होणारी ही शिकार २००४च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये बंद झाली. स्पर्धा मात्र चालूच राहिली.

मला वाटतं, घोड्यावरची माया आणि कोल्ह्याचा पाठलाग या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, तेव्हा त्या एकाच पानावर लिहायला हव्यात. बडोदे-कोल्हापूरकडच्या चित्त्यांच्या शिकारीवर लिहितानाही आपण चित्तेवानांचं कसब नोंदवतो. त्याच पानावर हरणाचीही नोंद हवी, आणि आपल्या रानांतून संपलेल्या चित्त्याचीही.