टीवाय घटक : यीस्ट पेशीतील रेट्रोट्रान्सपोझॉन

यीस्टच्या गुणसूत्रांत कायम वस्तीला असलेले आणि स्वतःच्या प्रती काढून त्या गुणसूत्रांवरच दुसरीकडे बसवणारे डीएनएचे तुकडे. या तुकड्याची आधी आरएनए प्रत निघते आणि त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए घडवला जातो. डीएनएवरून आरएनए हा पेशीतला नेहमीचा क्रम. त्याच्या विरुद्ध दिशेने चालणाऱ्या या क्रियेला उलट प्रतिलेखन म्हणतात आणि या मार्गाने पसरणाऱ्या घटकांना रेट्रोट्रान्सपोझॉन. मूळ घटक जागचा हलत नाही, नव्या प्रतीची भर पडते. सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी या यीस्टमध्ये टीवाय१ ते टीवाय५ अशी त्यांची पाच कुळे आहेत. त्यांपैकी टीवाय१चा अभ्यास सर्वांत सखोल झाला आहे.

आढळ : पाव फुगवणारे, मद्य आंबवणारे आणि ताडीला फेस आणणारे यीस्ट मुख्यतः याच जातीचे. पालघर जिल्ह्यात चिंचणी-तारापूरपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीत ताडाच्या पोयीला छेद देऊन मडके बांधतात. त्यात ठिबकणाऱ्या गोड रसात कोणी यीस्ट घालत नाही. पोयीचा छेद, हवा, कीटक आणि आदल्या दिवशीचे मडके यांतून ते आपोआप येते आणि काही तासांत रस आंबू लागतो. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात, म्हणजे आंबण्याची क्रिया थोपते. ताडीच्या तळाशी बसणाऱ्या पांढरट गाळात यीस्टच्या असंख्य पेशी असतात. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा यीस्टचा प्रमाण वाणही मूळचा रानातलाच आहे. कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे १९३८ मध्ये एका कुजक्या अंजिरावर सापडलेल्या यीस्टपासून तो प्रामुख्याने उतरला. त्याचा १ कोटी २० लाख बेस-जोड्यांचा संपूर्ण जीनोम १९९६ मध्ये वाचून झाला. त्यात सुमारे ५० पूर्ण टीवाय घटक आहेत, पैकी ३०हून अधिक टीवाय१. वाणागणिक ही संख्या बरीच बदलते.

शोध : यीस्टच्या गुणसूत्रांवर विखुरलेले हे तुकडे जागा घेत फिरतात, हे १९७९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कॅमेरॉन, लो आणि रोनल्ड डेव्हिस यांनी दाखवले. उलट प्रतिलेखन करणारे एंझाइम, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, त्याआधीच १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी विषाणूंत स्वतंत्रपणे शोधले होते आणि त्यासाठी १९७५चे नोबेल पारितोषिकही त्यांना मिळाले होते. यीस्टमध्ये हेच घडते याचा पुरावा १९८५ मध्ये जेफ बोएके, डेव्हिड गारफिंकेल, कोरा स्टाइल्स आणि जेराल्ड फिंक यांनी दिला. त्यांनी टीवाय१ला गॅलॅक्टोज साखर मिळाल्यावरच चालू होणारा प्रवर्तक जोडला आणि घटकाच्या आत एक इंट्रॉन घातला. इंट्रॉन फक्त आरएनएतून कापून टाकला जातो, डीएनएतून नाही. पेशींना गॅलॅक्टोज दिल्यावर घटकाच्या उड्या कैक पटींनी वाढल्या आणि नव्या जागी बसलेल्या प्रतींत इंट्रॉन नव्हता. प्रत आरएनएच्या वाटेने आली होती, यात शंका उरली नाही. एका प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर देणारे प्रयोग जीवशास्त्रात थोडेच आहेत.

रचना : टीवाय१ सुमारे ५,९०० बेस-जोड्यांचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना ३३४ जोड्यांची एकसारखी पुनरावृत्ती असते. मधल्या भागात दोन जनुके असतात. गॅग हे कवचाचे प्रथिन देते. पोल हे प्रोटीएज, इंटिग्रेज आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज ही एंझाइमे देते. ही दोन जनुके एका अक्षराने सरकलेल्या चौकटींत लिहिलेली आहेत. त्यांच्या संधीवर सात अक्षरांचा एक क्रम येतो. तिथे लागणारा वाहक आरएनए पेशीत विरळ असल्याने रायबोसोम थबकतो आणि काही वेळा एक अक्षर पुढे घसरतो. घसरला तरच पोलची प्रथिने तयार होतात. त्यामुळे कवचाची प्रथिने भरपूर आणि एंझाइमे मोजकी, हे प्रमाण आपोआप राखले जाते. उलट प्रतिलेखनाने वाढणाऱ्या विषाणूंना, म्हणजे रेट्रोविषाणूंना, नव्या पेशीत शिरू देणारे बाह्यावरणाचे जनुक मात्र टीवाय१कडे नाही. तो पेशी सोडून जाऊ शकत नाही. मातृपेशीकडून कन्यापेशीकडे आणि पेशींच्या संयोगातूनच तो पुढे जातो.

उलट प्रतिलेखनाचे टप्पे : टीवाय१चा आरएनए डाव्या पुनरावृत्तीच्या आत सुरू होतो आणि उजव्या पुनरावृत्तीच्या आत संपतो. म्हणजे आरएनएत दोन्ही टोके अपुरी असतात. ती पुन्हा पुरी करणे हीच या क्रियेची खरी करामत. केंद्रकाबाहेर आल्यावर आरएनएच्या दोन प्रती विषाणूसदृश कणात बंद होतात. प्रोटीएज प्रथिने छाटून कण पक्व करते आणि मग प्रत काढणे सुरू होते.

(१) यजमान पेशीचा मेथिओनिन-आरंभक वाहक आरएनए कणात आलेला असतो. तो घटकाच्या आरएनएवरील दहा अक्षरांच्या पूरक क्रमाला चिकटतो आणि तिथून डीएनएची पहिली साखळी सुरू होते. (२) ही साखळी लगेच आरएनएच्या डाव्या टोकाला पोचून थांबते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचाच आरएनेज-एच हा भाग खालचा आरएनए पचवतो. (३) मोकळा झालेला डीएनए आरएनएच्या उजव्या टोकावरील समान क्रमाला जाऊन चिकटतो. ही पहिली उडी. तिथून साखळी संपूर्ण लांबीभर वाढते. (४) आरएनेज-एचच्या तडाख्यातून प्युरीनबहुल असा एक छोटा आरएनए तुकडा वाचतो. दुसऱ्या साखळीची सुरुवात त्याच्यापासून होते. (५) दुसरी उडी होते, दोन्ही साखळ्या एकमेकींच्या आधाराने पूर्ण होतात आणि दोन्ही टोकांना अखंड पुनरावृत्ती असलेला दुपदरी डीएनए तयार होतो.

जागेची निवड : यीस्टच्या विभाजनात केंद्रकाचे आवरण मोडत नाही, म्हणून डीएनए आणि इंटिग्रेज यांची जोडी केंद्रकरंध्रांतून आत शिरते. यीस्टचा सुमारे ७० टक्के जीनोम प्रथिनांची माहिती देणारा. घटक कुठेही बसला तर पेशी मरण्याची आणि तिच्याबरोबर तोही नष्ट होण्याची शक्यता मोठी. टीवाय१ मुख्यतः वाहक आरएनएच्या जनुकांच्या अलीकडील सुमारे १,००० जोड्यांच्या पट्ट्यात बसतो. त्याचे इंटिग्रेज ही जनुके वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-३ च्या एसी४० या घटकप्रथिनाला धरते, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. टीवाय३ याच जनुकांच्या प्रतिलेखनाच्या आरंभबिंदूपाशी एक-दोन अक्षरांच्या अंतरावर नेमका बसतो. टीवाय५ निष्क्रिय, मूक प्रदेशांकडे वळतो. बसताना दोन्ही बाजूंना पेशीच्या डीएनएची पाच अक्षरे दुप्पट होतात.

नियंत्रण : टीवाय१चा आरएनए पेशीत विपुल असतो, तरी नवी प्रत बसण्याची घटना फार विरळ. गॅगच्याच आतून सुरू होणाऱ्या छोट्या आरएनएपासून बनणारे अपुरे गॅग प्रथिन कणांत शिरून त्यांची बांधणी बिघडवते. प्रती वाढल्या की हे प्रथिन वाढते आणि पुढची वाढ रोखली जाते. द्विगुणित पेशीत घटक बराच दबलेला राहतो. तापमानाचाही परिणाम मोठा आहे. प्रयोगशाळेत २० अंश सेल्सिअसच्या आसपास उड्या सर्वाधिक होतात आणि ३० अंशांपुढे झपाट्याने घटतात.

परिणाम आणि महत्त्व : जनुकाशेजारी बसलेला टीवाय घटक ते जनुक बंद करू शकतो किंवा अवेळी चालू ठेवू शकतो. अल्कोहोलचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करून पेशीला ते खाऊ देणारे एडीएच२ हे जनुक ग्लुकोज असताना बंद असते. त्याच्याजवळ टीवाय बसलेल्या काही पेशींत ते सतत चालू राहते, असे १९८१ मध्ये आढळले. टोकांच्या दोन पुनरावृत्ती एकमेकींशी जुळून मधला भाग गळतो आणि एकटी पुनरावृत्ती उरते. अशा खुणा पूर्ण घटकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

एचआयव्हीचे उलट प्रतिलेखनही वाहक आरएनए, दोन उड्या आणि आरएनेज-एच याच मार्गाने चालते. मानवी जीनोमचा ४० टक्क्यांहून अधिक भाग रेट्रोट्रान्सपोझॉनांपासून आलेला आहे, जरी त्यांतील बहुसंख्यांची प्रत काढण्याची पद्धत टीवायपेक्षा वेगळी आहे. स्वस्त, निरुपद्रवी आणि दीड-दोन तासांत दुप्पट होणाऱ्या यीस्टमध्ये या क्रियेचा प्रत्येक टप्पा वेगळा काढून तपासता येतो. यजमानाचा वाहक आरएनए, यजमानाचा रायबोसोम, यजमानाचे पॉलिमरेज अशी प्रत्येक पायरीवर उसनवारी करणारा हा घटक यजमान जगला तरच जगतो. म्हणून टीवाय घटकांचा अभ्यास हा जीनोममधील परक्या आणि घरच्या डीएनएच्या सहजीवनाचा अभ्यास ठरतो.