विसर्जित वस्तूचा इतिहास : हमरापूरचे मूर्तिकार आणि तोकोनामेचे कुंभार

प्रस्तावना :

हस्तव्यवसायाचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः टिकून राहिलेल्या वस्तूपासून प्रारंभ करतो. भांडे, नाणे, वस्त्र किंवा शिल्प समोर असले म्हणजे त्याचा काळ, कारागीर व तंत्र यांविषयी अनुमान बांधता येते. परंतु जी वस्तू पाण्यात विरघळून जाण्यासाठीच घडविली जाते, तिच्या कारागिरांचा इतिहास कशाच्या आधारे लिहावा? रायगड जिल्ह्यातील हमरापूर परिसराच्या संदर्भात हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार जपानमधील एका मृत्तिका-व्यवसायाशी तुलना करून केला आहे.

तोकोनामे : नाममुद्रा असलेली माती

जपानच्या आइची प्रांतातील तोकोनामे हे त्या देशातील 'सहा प्राचीन भट्ट्यां'पैकी एक केंद्र होय. तेथील भट्ट्यांची परंपरा बाराव्या शतकापर्यंत मागे जाते. मोठे रांजण, पुढे सांडपाण्याचे नळ, चहाच्या किटल्या आणि विसाव्या शतकात बोन्साय वृक्षांच्या कुंड्या असा या व्यवसायाचा प्रवास झाला. देवदारवर्गीय वृक्षांसाठी बहुधा झिलई नसलेली कुंडी वापरतात. लोहयुक्त माती उच्च तापमानाला भाजली की तिला तपकिरी वा तांबूस रंग येतो आणि झाडाकडे जाणारी दृष्टी कुंडीवर अडखळत नाही. या कुंड्यांच्या तळाशी कारागीर आपली मुद्रा उमटवितो. त्यामुळे कुंडी कोणाच्या हातची, हे पन्नास वर्षांनीही सांगता येते. १९७४ च्या कायद्यान्वये जपान शासनाने पारंपरिक हस्तोद्योगांना मान्यता देण्यास प्रारंभ केला व १९७६ मध्ये तोकोनामेच्या मृत्पात्रांना ती मिळाली. वस्तू, मुद्रा व शासकीय नोंद अशी तीन साधने येथे इतिहासकाराच्या हाती आहेत.

हमरापूर : निनावी माती

हमरापूर हे पेण शहराच्या उत्तरेस, दिवा–रोहा लोहमार्गावरील गाव. भातशेती आणि खाडीकाठची खारजमीन हा या भागाच्या अर्थजीवनाचा जुना पाया. गणेशमूर्ती घडविण्याचे काम प्रथम पेण शहरात स्थिरावले. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिल्यानंतर मूर्तींची मागणी वाढत गेली आणि पेणची मूर्ती मुंबई-पुण्यात प्रसिद्धीस आली. कालांतराने हा व्यवसाय हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत पसरला. तेथील मूर्तिशाळांना लोक 'गणपतीचे कारखाने' म्हणतात. हे काम केवळ भाद्रपदापुरते मर्यादित नसून जवळजवळ वर्षभर चालते आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा असतो.

या विस्तारामागे साहित्यातील बदल हे एक प्रमुख कारण आहे. शाडूची माती गुजरातहून येते. ती भिजवून, मळून, साच्यात दाबून मूर्ती काढतात व सावलीत वाळवितात. ती भाजली जात नसल्याने पाण्यात पुन्हा माती होते. मात्र ती जड व ठिसूळ असते आणि कोकणातील दमट हवेत तिला वाळण्यास वेळ लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवून पाण्याचा अंश कमी केलेले जिप्सम. पाणी मिळताच ते काही मिनिटांत घट्ट होते. त्यापासून केलेली मूर्ती हलकी असते व दूरच्या वाहतुकीत टिकते. ज्या गुणामुळे कारखान्यांची संख्या वाढली, त्याच गुणामुळे विसर्जनानंतर मूर्ती सहज विरघळत नाही.

या मूर्तींवर कारागिराची मुद्रा सहसा नसते. एवढेच नव्हे, तर हमरापुरात घडलेली मूर्तीही बाजारात 'पेणची मूर्ती' म्हणून विकली जाते. कारागिराचे नाव वस्तूवर नाही आणि गावाचे नाव बाजारात नाही, असे हे दुहेरी निनावीपण आहे.

निर्णय आणि नोंदीचा अभाव

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून प्लास्टरच्या मूर्तींना प्रतिबंध सुचविला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचे निर्देश दिले. मूर्तिकारांच्या संघटनांनी हरकत घेतल्यानंतर व तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर जून २०२५ मध्ये न्यायालयाने मूर्ती घडविण्यास मुभा दिली. मात्र नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करण्यास मनाई ठेवली. जुलै २०२५ च्या आदेशात सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करावे, असे ठरले.

जलप्रदूषणाचा प्रश्न खरा आहे, यात शंका नाही. तथापि शाडूकडे परतण्याचा आग्रह धरताना कोणत्या कारखान्यात शाडूचे कसब शिल्लक आहे, कोठे पहिल्या पिढीपासून केवळ प्लास्टरच हाताळले गेले आणि वाळवणीसाठी किती जागा लागेल, हे माहीत असणे आवश्यक ठरते. अशा माहितीवाचून घेतलेल्या निर्णयाचा भार प्रथम रोजंदारीवरील रंगकाम करणाऱ्यांवर पडतो.

समारोप

मूर्ती विसर्जित होते, पण साचा उरतो. मूळ नमुना, त्यावरून काढलेले साचे, गिऱ्हाइकांच्या नोंदवह्या, मातीची व प्लास्टरची बिले आणि वृद्ध कारागिरांच्या आठवणी ही हमरापूरच्या इतिहासाची साधने होत. तोकोनामेच्या कुंडीवरील मुद्रेचे काम येथे साच्याला करावे लागेल. मात्र साचा जीर्ण झाला किंवा नवा नमुना आला की जुना टाकून दिला जातो, म्हणून हे संकलन लांबणीवर टाकता येणार नाही. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे कारखानानिहाय नोंद हाती घेतल्यास स्थानिक इतिहासाचे एक दालन उघडेल. मूर्तीवर नाव कोरण्याची प्रथा हमरापुरात नाही. निदान इतिहासाच्या पानावर तरी ते नाव यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.